एकाच डोंगराचे तीन रस्ते, कुठून चढायचं आणि कुठून उतरायचं? या चुका टाळा

डोंगर एकच, माथ्यावर जाणारे डांबरी रस्ते दोन-तीन, आणि आदल्या रात्री सायकलवाल्यांच्या ग्रुपवर प्रश्न ठरलेला, "सोपा कुठला आहे रे?" मग कोणीतरी दोन स्क्रीनशॉट टाकतं, एकावर सरासरी चढ साडेसात टक्के (म्हणजे शंभर मीटर रस्त्याला साडेसात मीटर उंची), दुसऱ्यावर साडेचार, सगळे साडेचारवाल्याला लाईक देऊन झोपतात, आणि दुसऱ्या दिवशी शेवटच्या टप्प्यात त्यातले निम्मे सायकल ढकलत चालत असतात. मी पण चाललोय, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण नंतर शांतपणे बघितलं तर चूक पायांची नव्हतीच, रूट कंपेअर करण्याची होती.

सरासरी टक्का बघून गप्प बसणं

सगळ्यात कॉमन चूक हीच. फ्रान्समधला माँ व्हाँतू घ्या, तुलनेसाठी याच्यापेक्षा चांगला डोंगर नाही, कारण सुमारे १९१० मीटरच्या माथ्यावर जायला तीन गावांतून तीन पक्के रस्ते आहेत. बेदुआँकडून साधारण २१ किलोमीटरमध्ये १६०० मीटर चढ, मालोसेनकडूनही जवळपास तेवढंच, आणि सो (हो, गावाचं नावच सो आहे) इथून २६ किलोमीटरमध्ये फक्त १२०० मीटरच्या आसपास. कागदावर सो म्हणजे सहल. सरासरी पाच टक्क्यांच्या आतच, आणि सुरुवातच सातशे मीटरच्या आसपासच्या उंचीवरून, म्हणजे पहिला मजला लिफ्टने चढल्यासारखं.

पण सोचे पहिले वीस किलोमीटर इतके हलके आहेत की त्यांनी सरासरी खाली ओढलीये. पुढे शाले रेनार नावाच्या ठिकाणी हा रस्ता बेदुआँच्या रस्त्याला मिळतो आणि तिथून माथ्यापर्यंतचे सहा किलोमीटर दोघांचे एकच, साधारण आठ टक्क्यांचे, उघडे, झाड नाही सावली नाही. म्हणजे "सोपा रूट" घेणाऱ्यालाही तोच शेवट भोगायचा आहे. फरक इतकाच की बेदुआँवाला त्याआधी जंगलातून नऊ-साडेनऊ टक्क्यांचे नऊ-दहा किलोमीटर घासून आलेला असतो आणि आठ टक्के दिसले की त्याला जरा बरं वाटतं, सोवाला मात्र वीस किलोमीटर मजेत गप्पा मारत, पाणी संपवत आलेला असतो आणि त्याला ते आठ टक्के भिंतीसारखे दिसतात.

म्हणून रूट बघताना आधी कॉमन भाग वजा करा आणि उरलेल्याचीच तुलना करा. त्यानंतर प्रत्येक रूटचे सगळ्यात वाईट तीन किलोमीटर शोधा, आणि ते सुरुवातीला आहेत की शेवटी हे बघा. मला विचाराल तर सरासरीपेक्षा ही एक गोष्ट जास्त सांगून जाते.

वेळ सारखी म्हणजे त्रास सारखा असं समजणं

थोडं गणित आहे, कंटाळू नका. समजा ७५ किलोचा माणूस, सायकल आणि बाटल्या धरून दहा किलो, आणि तो पायांनी सतत २०० वॅट ताकद देतोय. रूट पहिला: दहा किलोमीटर एकसारखा सहा टक्के. रूट दुसरा: पाच किलोमीटर तीन टक्के आणि पुढचे पाच नऊ टक्के. दोन्हीचा चढ ६०० मीटर, सरासरी सहा टक्के. हिशोब केला तर पहिला साधारण ४७ मिनिटांत होतो, दुसरा ४८ मध्ये. मग काय, सारखेच ना?

नाही. पुढे ३४ दातांची चेनरिंग (पेडलजवळचं दातेरी चक्र) आणि मागे २८ दातांचा सगळ्यात मोठा गिअर असेल तर सहा टक्क्यांवर पाय मिनिटाला ८०-८५ वेळा फिरतात, आरामात. नऊ टक्क्यांवर वेग ताशी नऊ किलोमीटरवर येतो आणि पाय साठच्याही खाली जातात, प्रत्येक पेडल दाबून दाबून मारावं लागतं, गुडघे बोलायला लागतात, मांड्या भरून येतात. २०० वॅट तेच, पण ते पाच किलोमीटर टिकवणं अवघड होतं आणि मग कागदावरचे ४८ मिनिटं रस्त्यावर ५५ कधी होतात कळत नाही. मागे सगळ्यात मोठा गिअर ३४ दातांचा असलेली कॅसेट (मागच्या चाकावरच्या गिअरचा संच) टाकली की त्याच चढावर पाय सत्तरच्या वर जातात. त्यामुळे "मला हा रूट झेपेल का" हा प्रश्न निम्मा तरी "माझ्या सायकलला कुठले गिअर आहेत" असाच असतो. गिअर बदलणं शक्य नसेल तर मग एकसारखा चढ असलेला रूट घ्या, थोडा लांब पडला तरी चालेल.

अजून एक, मधे उतार असलेले रूट. घाटात मध्येच दोन किलोमीटर खाली जाणारा रस्ता असला की लोक खूश होतात, पण तिथे गमावलेले शंभर मीटर परत चढायचे असतात. शेवटच्या उंचीतून सुरुवातीची उंची वजा करून काढलेल्या टक्क्यात ते दिसत नाहीत, म्हणून एकूण चढाचा आकडा वेगळा बघायचा.

ॲपचा आकडा ब्रह्मवाक्य मानणं

"अरे या रूटवर २६ टक्के दाखवतंय!" बहुतेक वेळा नसतं तसं काही. बरेच ॲप उंची नकाशाच्या चौकटींवरून घेतात, त्यामुळे कड्याच्या कडेने जाणाऱ्या रस्त्यावर किंवा हेअरपिन वळणांत एक पॉइंट रस्त्यावर आणि पुढचा थेट कड्यावर पडतो, मग ग्राफमध्ये सुळका येतो. शंभर मीटरपेक्षा लहान तुकड्याचा टक्का मी बघतच नाही, किलोमीटरचा बघतो. आणि दोन रूट कंपेअर करताना दोन्ही एकाच ॲपमध्ये टाका, एक इकडचा आणि एक तिकडचा असं केलं तर एकूण चढातच चांगला फरक पडू शकतो. दुसऱ्यांच्या वेळा बघायच्या तर टॉपच्या दहा जणांच्या सोडा, ते वेगळेच प्राणी आहेत, मधल्या लोकांच्या बघा.

ज्या रस्त्याने चढलो त्यानेच उतरायचं, किंवा उतार आहे म्हणून विचारच न करणं

इथे माझा जरा जास्तच आग्रह आहे. चढायचा चांगला रस्ता आणि उतरायचा चांगला रस्ता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अरुंद, झाडीतला, खडबडीत, गाड्या नसलेला रस्ता चढायला मस्त, ताशी दहाच्या वेगात खड्डा आला तर काय, चुकवू. तोच रस्ता उतरताना सावलीतली ओल, वळणावरची खडी आणि उन्हातून एकदम अंधारात गेल्यावर न दिसणारा खड्डा असं सगळं एकत्र देतो. रुंद, मोकळा, पुढचं वळण लांबून दिसणारा रस्ता चढताना बोअर, उन्हाचा, गाड्यांचा, पण उतरायला तोच बरा. इटलीतल्या स्टेल्व्हिओ घाटाला प्रातो गावाच्या बाजूने ४८ हेअरपिन आहेत, फोटोत झकास दिसतात, चढताना प्रत्येक वळणावर दोन सेकंद श्वास मिळतो, पण उतरताना ४८ वेळा ब्रेक. दुसऱ्या, बोर्मिओ गावाच्या बाजूला जुने अरुंद बोगदे लागतात, म्हणजे पुढचा-मागचा लाईट हवाच.

आता ब्रेक. ८५ किलो वजन हजार मीटर खाली आणताना जी ऊर्जा सुटते त्यात जवळपास अडीच लिटर पाणी उकळेल. ती एकतर हवेत जाते नाहीतर तुमच्या रिममध्ये (चाकाच्या कडीत) किंवा डिस्कमध्ये (चाकाच्या मध्यावरच्या ब्रेकच्या तबकडीत), जिथे ब्रेक घासतो तिथे. आणि गंमत बघा, आठ टक्क्यांच्या उतारावर ब्रेक सगळ्यात जास्त तापतात ते ताशी ३५ च्या आसपासचा वेग सतत धरून ठेवल्यावर, कारण त्या वेगाला हवा अजून फारशी मदत करत नाही आणि उतार मात्र भराभर येत असतो. नेमका हाच वेग घाबरलेला माणूस दोन्ही ब्रेक अर्धवट दाबून धरत असतो. त्यापेक्षा सरळ पट्ट्यात ताठ बसा, छाती वाऱ्याला द्या, वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक नीट दाबून वेग कमी करा आणि वळणात सोडा. तेवढाही वेग नको वाटत असेल तर सरळ खूप हळू या, मध्ये थांबत, त्यात काही कमीपणा नाही.

लिव्हर अचानक हँडलपर्यंत यायला लागला, करपल्याचा वास आला, तर बाजूला थांबून गार होऊ द्या. गरम डिस्कवर बाटलीतलं पाणी ओतू नका, ती वाकू शकते, आणि हात लावून बघायचा मोह तर अजिबात नको. रिम ब्रेकवाल्यांनी लेटेक्स ट्यूब (टायरच्या आतली हलक्या रबराची ट्यूब) घालून मोठ्या उतारावर जाऊ नये, तापलेल्या रिमवर त्या दगा देतात. नवीन ब्रेक पॅड बसवले असतील तर आधी सपाटीवर घासून घ्या, पहिलीच परीक्षा घाटात नको. आणि वेगात पुढचं हँडल थरथरायला लागलं तर ते घट्ट आवळू नका, त्याने वाढतं, गुडघ्यांनी वरची नळी दाबून धरा, बूड सीटवरून किंचित उचला आणि हळूहळू ब्रेक लावा.

वारा आणि थंडी रूटचा भागच नाही असं धरणं

दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश तापमान उतरतं, म्हणजे १६०० मीटर चढल्यावर दहा अंश गेले, वर अंग घामाने भिजलेलं आणि उतरताना ताशी ५० चा वारा. बोटं बधिर झाली की ब्रेक नीट दाबले जात नाहीत. त्यामुळे विंडचीटर आणि पूर्ण बोटांचे ग्लोव्हज माथ्यावर पोचताच घालायचे, खाली जाताना थंडी वाजली की मग नाही. वाऱ्याचं तर काय सांगावं, २०१६ च्या तूर द फ्रान्स सायकल शर्यतीत व्हाँतूवरच्या वाऱ्यामुळे फिनिश माथ्यावरून खाली शाले रेनारला आणावी लागली होती, आपण कोण मग. आदल्या दिवशी वाऱ्याची दिशा बघा आणि उघड्या टप्प्यात तो समोरून येणार की बाजूने हे नकाशावर ताडून बघा. चढताना समोरून आला तर फक्त वेळ जाते, उतरताना बाजूने आला तर सायकल लेनच्या बाहेर ढकलतो, उंच कडांची रिम असेल तर अजूनच.

आमचं आता असं ठरलंय की उतरायचा रस्ता वेगळा घ्यायचा असेल तर तो आधी कोणीतरी एकदा चढून बघितलेला पाहिजे, आणि माथ्यावर ढग बसलेला दिसला की ज्या रस्त्याने आलो त्यानेच खाली, त्यातले खड्डे तरी ओळखीचे असतात.