कडाक्याच्या थंडीत ट्रेलर जोडताना

अमेरिकेतल्या मिनेसोटा, कॅनडातल्या मॅनिटोबाच्या हिवाळ्यात सगळ्यात जपायचं ते बंद झाल्यासारख्या दिसणाऱ्या कपलरला, म्हणजे गाडीमागच्या गोळ्यावर (बॉलवर) बसणाऱ्या ट्रेलरच्या पुढच्या जोडाला. त्याच्या वाटीत बर्फ साचला की बॉल पुरता आत बसत नाही, आणि वरचा खटका मात्र कधीकधी बिनतक्रार खाली येतो. असा ट्रेलर पहिल्याच मोठ्या हादऱ्याला सुटू शकतो.

म्हणून जोडण्याआधी खाली वाकून बॅटरीच्या उजेडात वाटी पाहा. बर्फ प्लास्टिकच्या किंवा लाकडी पट्टीने खरवडा. खटका गोठला असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल असलेला डी-आयसर फवारा, पाचेक मिनिटं थांबा आणि रबरी हातोड्याने बाजूने हलकं ठोका. उकळतं पाणी ओतू नका. ते स्प्रिंगपाशी झिरपतं आणि थोड्या वेळात पुन्हा गोठतं. सुटलेला भाग कोरडा पुसून मगच वंगण द्या. बॉलला उन्हाळ्यातलं घट्ट ग्रीस नको, कमी तापमानाचं सिंथेटिक ग्रीस पातळ थरात लावा.

आता खरी परीक्षा. खटका बंद करा, त्याची पिन घाला आणि ट्रेलरचा जॅक फिरवून कपलर वर उचला. त्याच्याबरोबर गाडीची मागची बाजू दोन-तीन इंच उचलली गेली, तर पकड पक्की. बॉल निसटला, तर वाटी पुन्हा साफ करा. एवढं झाल्यावर जॅक पूर्ण वर घ्या आणि ट्रेलरच्या सुरक्षा साखळ्या कपलरखालून एकमेकींना छेदून अडकवा.

रस्त्यावरच्या मिठाने बॉल माउंट (बॉल बसवलेला दांडा) रिसीव्हरमध्येच, म्हणजे गाडीमागच्या चौकोनी नळीत, गंजून बसला असेल, तर घाई चालत नाही. पिन काढा, फटींमध्ये पेनिट्रेटिंग ऑइल सोडा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी माउंटला डावीकडून-उजवीकडून आळीपाळीने हातोडा मारा. दुसऱ्या गाडीला साखळी बांधून हिसका देऊ नका; साखळी तुटली तर जिवावर बेतेल. निघाल्यावर तारेच्या ब्रशने गंज घासा, अँटी-सीझ (भाग एकमेकांत घट्ट अडकू न देणारं वंगण) लावा आणि काम नसेल तेव्हा माउंट घरात ठेवा.

ब्रेक दाबल्यावर ट्रेलरचे इंडिकेटरही मिणमिणायला लागले, तर बल्ब बदलण्याआधी पांढरी अर्थची वायर तपासा, तिचा बोल्ट बहुधा गंजलेला सापडतो. ट्रेलरची वायरिंग गाडीला जोडणाऱ्या सात पिनांच्या प्लगवरची हिरवट पूड कॉन्टॅक्ट क्लीनरने काढून डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणारं) ग्रीस भरा. इलेक्ट्रिक ब्रेकचा करंटही याच प्लगमधून जातो. ट्रेलर उभा असताना प्लगचं तोंड खाली राहू द्या, आणि जॅकच्या पायाखाली फळी ठेवा, नाहीतर तो जमिनीला चिकटून गोठतो.