धीर देण्याआधी अख्खा अध्याय वाचा

चर्चच्या मंडळीत कुणाला धीर द्यायला बायबलमधलं वचन निवडलंत, तर त्याच्या मागचंपुढचं वाचल्याशिवाय बोलायला उभे राहू नका. यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं 29:11, म्हणजे 29व्या अध्यायाचं अकरावं वचन घ्या. देवाचे संकल्प हिताचे आहेत, हे आपण सर्रास सांगतो. पण हे बाबेलात (बॅबिलोनमध्ये) नेलेल्या यहूदी बंदिवानांना लिहिलेल्या पत्रातलं वचन आहे. दहाव्या वचनात 70 वर्षांची मुदत आहे, आणि पाचव्यात तर तिथेच घरं बांधा, मळे लावा असं सांगितलंय! आजारपण लांबलेल्या माणसाला हे सगळं मिळून जास्त आधार देतं, असं मला मनापासून वाटतं. सुटका लांब असली तरी देव विसरलेला नाही, हे त्याला ऐकू द्या. तयारीत अध्याय मोठ्याने दोनदा वाचा, कोण कुणाला आणि का बोलतंय ते वहीत लिहा. भाष्यग्रंथ त्यानंतरच उघडा.