छोट्या कॅबिनेटमध्ये चार एनव्हीएमई ड्राइव्ह

मिनी-आयटीएक्स या छोट्या मदरबोर्डावर पीसीआयई स्लॉट (जादा कार्ड बसवायची खाच) एकच, म्हणून त्यात चार एम.२ ड्राइव्हचं (पट्टीसारख्या छोट्या एनव्हीएमई एसएसडींचं) साधं कार्ड बसवलं. दिसला एकच ड्राइव्ह. अशा कार्डावर ड्राइव्हमध्ये जोडणी वाटणारी स्विच चिप नसते. स्लॉटच्या १६ लेन (डेटाच्या वाटा) बोर्डानेच वाटून द्याव्या लागतात. बायोसमध्ये बायफर्केशन (लेनची विभागणी) ४+४+४+४ केलं आणि चारही दिसले. (काही प्रोसेसर ८+४+४ एवढंच देतात, खरेदीआधी मॅन्युअल बघाच.)

एमडीएडीएम या लिनक्सच्या साधनाने रेड ० केला, म्हणजे डेटा चारही ड्राइव्हवर वाटून लिहिणारा एकच मोठा ड्राइव्ह. वेग भन्नाट, पण मोठी फाइल लिहिताना मधेच बसायचा. स्मार्टमध्ये (ड्राइव्हच्या तब्येतीच्या नोंदींत) तापमान पाहिलं, तर ड्राइव्ह तापून स्वतःच वेग कमी करत होते. हीटसिंक आणि कार्डावर थेट वारा मारणारा पंखा लावल्यावर वेग टिकला.

रेड ० मध्ये एक ड्राइव्ह गेला की सगळा डेटा जातो, म्हणून मूळ फुटेज वेगळ्या डिस्कवर ठेवतो.