फिस्टुलाची तयारी: आधी हात राखावा

मूत्रपिंडाचा आजार चौथ्या टप्प्यावर गेला असून पुढे डायलिसिस लागणार आहे, असे डॉक्टरांनी सांगितले की त्याच दिवसापासून रुग्णाच्या कमी वापरातल्या हाताला, म्हणजे बहुतेकांच्या डाव्या हाताला, सुई लावणे बंद करावे. सलाईन नाही, रक्त काढणे नाही, इंजेक्शनसाठी सुई ठेवून देणे नाही. आईच्या वेळी आम्ही बाकी सगळे केले आणि हेच विसरलो. पावसाळी तापात गावातल्या दवाखान्यात तिच्या डाव्या हाताला सलाईन लागली, शीर सुजून आतून बंद झाली, आणि जो फिस्टुला, म्हणजे डायलिसिससाठी शस्त्रक्रियेने केलेला धमनी-शिरेचा जोड, मनगटापाशी झाला असता तो कोपरापाशी करावा लागला. आता काकांवर तीच वेळ आली आहे, म्हणून ही यादी.

शीर इतकी का जपायची, हे घरातल्या प्रत्येकाला समजले पाहिजे. डायलिसिसच्या यंत्राला मिनिटाला साधारण २५० ते ३०० मिलिलिटर रक्त लागते आणि साध्या शिरेतून तेवढे मिळत नाही. म्हणून शस्त्रक्रियेत हाताची धमनी शिरेला जोडतात, तोच फिस्टुला. धमनीचा जोर शिरेत आला की ती हळूहळू रुंद आणि जाड होते आणि मग जाड सुया पुन्हा पुन्हा सोसू शकते. सुईमुळे आतून आकसलेली शीर अशी फुलत नाही. मनगटापासून कोपरापर्यंतची बाहेरच्या बाजूची शीर सर्वांत मोलाची, आणि सलाईन लावणाऱ्याला सहज सापडते तीही तीच.

कोकणात धोका पावसाळ्यात वाढतो. लावणीच्या दिवसांत चिखलात काम करून ताप आला की लेप्टोची, म्हणजे उंदरांच्या मुत्रातून पसरणाऱ्या तापाची, शंका असते, सलाईन लागतेच, आणि तापाने ग्लानीत असलेला माणूस 'या हाताला नको' असे सांगू शकत नाही. म्हणून 'डाव्या हाताला सुई लावू नये, रक्तदाब मोजू नये' अशी चिठ्ठी डॉक्टरांच्या सहीने घेऊन आधार कार्डाबरोबर ठेवावी. प्राथमिक आरोग्य केंद्रातील परिचारिकेला, घरी रक्त न्यायला येणाऱ्या लॅबच्या मुलाला आणि सोबत जाणाऱ्या नातेवाइकाला हे आधीच सांगावे. रक्त दुसऱ्या हाताच्या पंजाच्या मागच्या शिरेतून काढता येते, हेही सांगावे, कारण नुसते 'नको' म्हटले तर लोक ऐकत नाहीत.

दुसरी गोष्ट वेळेची. फिस्टुला केला म्हणजे दुसऱ्या दिवशी वापरता येत नाही. तो तयार व्हायला किमान सहा आठवडे, पुष्कळदा तीन महिने लागतात, आणि काही फिस्टुला तयारच होत नाहीत. 'अजून डायलिसिस कुठे सुरू झाले आहे' म्हणत थांबणाऱ्यांच्या वाट्याला डायलिसिससाठी मानेतल्या शिरेत घातलेली नळी येते आणि तिच्यातून जंतुसंसर्ग थेट रक्तात जातो. नळी घालावीच लागली तर ती गळपट्टीच्या हाडाखालून नको, मानेतून चालेल का, हे डॉक्टरांना विचारावे, कारण हाडाखालची नळी छातीकडे जाणारी मोठी शीर अरुंद करू शकते आणि मग त्या बाजूचा फिस्टुला नीट चालत नाही. रक्तवाहिन्यांच्या शल्यचिकित्सकासाठी आपल्याकडून अनेकांना कोल्हापूर, मुंबई किंवा गोवा गाठावे लागते. घाटात दरड कोसळली की तारीख हुकते, त्यामुळे शक्यतो पावसाआधीची तारीख घ्यावी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या कागदांची चौकशी त्याआधी करावी.

शस्त्रक्रियेपूर्वी दोन्ही हातांचा डॉपलर, म्हणजे रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी, होतो. शीर किमान दोन ते अडीच मिलिमीटर रुंद असेल तर पुढचा विचार होतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधीच सांगावे, स्वतःहून बंद करू नयेत. बांगड्या, घड्याळ, अंगठी घरीच उतरवावी. हिरव्या बांगड्या उतरवायला बायका तयार होत नाहीत, त्यांना दुसऱ्या हातात भरण्याविषयी आधीच समजवावे, कारण फिस्टुलाच्या हातात त्या पुढेही चालणार नाहीत. आणि शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळीसुद्धा, मोठ्या रुग्णालयातसुद्धा, त्या हातातून रक्त काढू देऊ नये. तिथले लोक जाणतातच, असे समजू नये.

नंतर रोज सकाळ-संध्याकाळ फिस्टुलावर बोटे ठेवून थरथर जाणवते का ते पाहावे. थरथर थांबली तर त्याच दिवशी निघावे, सकाळच्या एसटीची वाट पाहू नये, कारण गुठळी लवकर काढली तर फिस्टुला वाचण्याची शक्यता असते. जुलाब किंवा रक्तदाब उतरणे यांनंतर अधिक लक्ष ठेवावे. बोटे गार पडून दुखू लागली तर दाखवावे. चेंडू दाबण्याचा व्यायाम डॉक्टर सांगतील तेव्हा सुरू करावा. कळशी, मोळी, जाळे या हाताने ओढू नये, हात उशाला घेऊ नये.

डायलिसिस सुरू झाल्यावर: आधी हात साबणाने धुवावा. सुईची जागा दर वेळी बदलायला लावावी, एकाच जागी टोचले की तिथे फुगा येतो. सुई काढल्यावर बोटाने दाबावे, करकचून पट्टी बांधू नये. कातडी पातळ, चकचकीत झाली किंवा खपली धरली तर लगेच दाखवावे. अचानक रक्त उडाले तर बोटाने घट्ट दाबून हात वर धरावा आणि १०८ ला फोन करावा. सुया फक्त डायलिसिसच्याच, सलाईन या हाताला आताही नाही. हा फिस्टुला पुढे बंद पडला तर दुसऱ्या हाताच्या शिरा लागतील, म्हणून त्या हाताचेही रक्त पंजाच्या मागूनच काढायला सांगावे.