शोषखड्डा कसा करायचा: खड्ड्याआधी चेंबर नीट बांधा

न्हाणी-मोरीचं पाणी गल्लीत सोडायचं नसेल तर खेड्यातल्या घराला शोषखड्ड्यासारखा, म्हणजे सांडपाणी जमिनीत जिरवणाऱ्या दगड भरलेल्या खड्ड्यासारखा, स्वस्त उपाय नाही. पण संडासचं पाणी, सेप्टिक टँकचा ओव्हरफ्लो यात अजिबात सोडायचा नाही, कुणी कितीही सांगू दे. एका घराला साधारण 3 ते 4 फूट लांब, रुंद, खोल खड्डा पुरतो, विहीर-बोअरपासून निदान 50 फूट लांब ठेवा.

आधी जमीन बघा. बेळगाव भागात जांबोटी-खानापूरकडच्या लाल मुरमाड जमिनीत पाणी लवकर जिरतं, येळ्ळूर-वडगावच्या काळ्या शिवारात तसं होत नाही. आणि मे महिन्यात काळी जमीन भेगाळलेली असते, पाणी घटाघटा पिते, ते बघून खूश होऊ नका. खड्ड्याच्या तळाशी फूटभर खोल भोक पाडा, संध्याकाळी पाण्यानं भरून रात्रभर मुरू द्या, सकाळी परत भरून मोजा. इंचभर पाणी अर्ध्या तासाच्या आत उतरलं तर पुढं जा. नाही उतरलं तर खड्ड्याचा नाद सोडा, चेंबर (खड्ड्याआधी घाण अडवणारी छोटी टाकी) मात्र बांधा आणि त्यातलं पाणी परड्यात केळी-कर्दळीला उथळ चरातून फिरवा. श्रावणात शेजारच्या विहिरीचं पाणी कुठपर्यंत वर येतं तेही बघा, खड्ड्याचा तळ त्याच्या निदान 5 फूट वर पाहिजे. विहिरी काठोकाठ भरत असतील तिथं खोल खड्डा म्हणजे पावसाळाभर डबकं.

आता चेंबर. मला सगळ्यात जास्त झगडायला लागलं ते इथंच, आणि गवंडी सगळ्यात कमी लक्ष देतात तेही इथंच. लोक म्हणतात खड्डा लहान पडला म्हणून तुंबला, मोठा करा. बहुतेक वेळा तसं नसतंय! साबणाचा मळ, तेल, भाताची शितं, भांडी घासलेली राख हे सगळं दगडांतून खाली जातं आणि मातीवर चिकट काळा थर धरतं, मग त्या मातीतून पाणी जात नाही, खड्डा 10 फुटांचा केला तरी तेच. म्हणून ही घाण खड्ड्याच्या आधीच अडवायला पाहिजे.

दीड फूट चौरस, 2 फूट खोल चेंबर बांधा, आतून गिलावा, कारण यात पाणी थांबायला पाहिजे. आत येणाऱ्या पाइपापेक्षा बाहेर जाणारा पाइप 2 इंच खाली. आणि बाहेर जाणाऱ्या पाइपाला आतल्या बाजूनं एल्बो (काटकोनात वळलेला जोड) लावून त्याचं तोंड खाली, पाण्यात अर्धा फूट बुडेल असं करा. हे चुकवू नका. तेल आणि फेस वर तरंगतो, गाळ तळाशी बसतो, मधलं त्यातल्या त्यात स्वच्छ पाणी तेवढं एल्बोतून पुढं जातं. गवंडी म्हणेल सरळ पाइप टाकूया, एल्बो कशाला, तर तिथंच उभं राहून एल्बो बसवून घ्या, सरळ पाइपातून वरचं सगळं तेल खड्ड्यात जातं आणि चेंबरचा खर्च वाया. मोरीच्या तोंडाला जाळीही पाहिजे.

झाकण घट्ट बसणारं पाहिजे, साचलेल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत डास तयार होतात. आठवड्याला वरचा थर काढा, महिन्यातून दोनदा तळाचा गाळ, तो उकिरड्यावर टाका, गटारात नको. ॲसिड ओतून चेंबर साफ करायची सवय लावू नका.

खड्डा भरणं सोपं: तळाला मोठे दगड, वर मध्यम, सगळ्यात वर बारीक खडी, मग पोतं आणि माती. कच्च्या विटा नकोत, त्या विरघळून चिखल होतो, खाणीतला काळा दगड घ्या. खड्ड्याच्या भिंतीला सिमेंट लावायचं नाही, पाणी जिरतं ते जास्त करून भिंतीतूनच.

पंचायतीच्या योजनेतून खड्डा मिळत असेल तर जरूर घ्या, पण इस्टिमेटमध्ये चेंबर धरलंय का हे पीडीओंना (पंचायत विकास अधिकाऱ्यांना) आधीच विचारा, नसेल तर स्वतःच्या पैशानं बांधा. आणि काही वर्षांनी पाणी वर थांबायला लागलंच तर दुसरा खड्डा काढू नका, दगड बाहेर काढून धुवा, भिंतीवरचा काळा थर कुदळीनं खरवडा आणि तेच दगड परत भरा, हे काम मिरगाच्या आधी उरकायचं.