फुटपाथवरच्या माणसाशी काय बोलायचं: रात्रीच्या फेरीला नव्याने येणाऱ्यांसाठी

दर डिसेंबरात पारा दहाच्या खाली उतरला की माझा फोन सुरू होतो. 'काकू, पन्नास ब्लँकेटं जमली, कुठं वाटू?' वाटा बाप्पा, माझी ना नाही. पण आमच्या नागपुरात बर्डीच्या पुलाखाली एका म्हाताऱ्याच्या अंगाखाली मी एका रात्रीत पाच ब्लँकेटं मोजली आहेत, पाच वेगवेगळ्या मंडळांनी दिलेली. चार त्याने सकाळी विकली आणि बरोबरच केलं. ठेवणार कुठं? कपाट असतं तर तिथं कशाला झोपला असता!

मी २७ वर्षं सरकारी दवाखान्यांत समाजसेवा अधीक्षक होते. ज्याच्या डिस्चार्जच्या कागदावर पत्त्याचा रकाना कोरा, असा प्रत्येक पेशंट फिरत फिरत माझ्या टेबलाशी यायचा. वॉर्डात त्याला सरसकट 'बेवारस' म्हणायचे. चौकशी केली की बहुतेकांना वारस निघायचे, कधी कधी तर चार-चार. आता निवृत्त आहे, शनिवारी रात्री तरुण पोट्ट्यांसोबत बेघरांना भेटायच्या फेरीला जाते. नवीन आलेल्यांना जे तोंडी सांगते तेच इथं लिहिते आहे.

साडेदहाच्या आधी जाऊ नका. दुकानांची शटरं पडल्याशिवाय कोणी अंथरूण टाकत नाही, तोवर कोण प्रवासी आणि कोण बेघर हे मलाही ओळखता येत नाही. टॉर्च तोंडावर मारू नका. फोटो तर अजिबात नाही. उभ्याने बोलू नका, शेजारी टेका, पण त्याच्या अंथरुणावर नाही, कारण ते त्याचं घर आहे. 'ए बाबा' म्हणायचं नाही. काकाजी, मावशी, दादा, आणि वाक्याच्या शेवटी आपला नागपुरी 'जी'. नुसत्या त्या 'जी'वर लोक उठून बसतात.

बोलण्याआधी चपला बघा. वर्षानुवर्षं बाहेर झोपणारा माणूस चपला डोक्याखाली घेतो, पोतं दोरीने पायाला बांधतो आणि पाठ भिंतीला लावतो. नवीन आलेला माणूस चपला घरच्यासारख्या अंथरुणाशेजारी जोडीने काढून ठेवतो. सकाळी त्या नसतात. जोडीने ठेवलेल्या चपला दिसल्या की त्याच्याजवळ आधी थांबा. पहिल्या आठ-दहा दिवसांत माणूस परत फिरू शकतो, नंतर फार जड जातं.

'घर का नाही' असं विचारायचं नाही

तो प्रश्न पोलीस विचारतात. त्याची उत्तरं लोकांची पाठ झालेली असतात: 'कोणीच नाही जी मले.' मी विचारते, 'मागची दिवाळी कुठं केली?' या एका प्रश्नावर माणूस कुठल्या वाटेने इथं आला ते बरंचसं कळतं. 'गावी, बालाघाटले', 'पोराकडं होतो', 'दवाखान्यातच', 'दिवाळी कधी झाली?' ही चार उत्तरं म्हणजे चार वेगळी माणसं. एकाला दिलेली मदत दुसऱ्याला लागू पडत नाही, कधी कधी नुकसानच करते.

'गावी' म्हणणारा बेघर आहे, पण निराधार नाही. कॉटन मार्केटात आणि कळमन्यात रात्री माल उतरवणारे, ठिय्यावर, म्हणजे मजुरांच्या नाक्यावर, सकाळी उभे राहणारे छत्तीसगढचे मजूर, लग्नसराईत केटररकडे राबणारी पोरं, सगळे कमावते. खोली परवडत नाही असंही नाही, डिपॉझिट परवडत नाही, किंवा खोलीचं भाडं दिलं तर गावाला पाठवायला उरत नाही. यांना दया दाखवली की चिडतात. यांना हवी असते सामान ठेवायला कुलपाची पेटी, अंघोळीची जागा, आणि गावच्या रेशनकार्डावर इथं धान्य मिळतं ही माहिती. 'एक देश एक रेशनकार्ड' असल्यामुळे ते मिळतं, पण ठिय्यावर दहांतल्या चार जणांना तरी हे ठाऊक नसतं, असा माझा अनुभव आहे.

इथं माझी एक चूक सांगते. लोहापुलाजवळ एक जण भाड्याच्या सायकलरिक्षावरच झोपायचा. कडाक्याच्या एका रात्री मी त्याला हट्टाने उठवून बेघरांच्या निवाऱ्यात नेलं. तो म्हणत होता, 'बाई, रिक्षा सोडून नाई येत जी.' मी ऐकलं नाही. सकाळी रिक्षा गेलेली. मालकाने पैसे त्याच्या अंगावर टाकले. थंडीतून मी त्याला वाचवलं आणि धंद्यातून उठवलं. पुढे कित्येक महिने मला पाहिलं की तो रस्ता ओलांडून पलीकडे जायचा.

तेव्हापासून 'चला निवाऱ्यात' हे मी सगळ्यात शेवटी म्हणते. आधी विचारते, काय सोडून यावं लागेल? कुत्रा, हातगाडी, बायको (पुरुषांचा निवारा वेगळा, बायकांचा वेगळा), की पहाटे चारचं काम? २०२४ पर्यंत चाललेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या नियमाप्रमाणे दर एक लाख वस्तीमागे १०० जणांची सोय व्हायला हवी होती आणि निवारा चोवीस तास, बारा महिने उघडा हवा होता. २०११ च्या जनगणनेत नागपूर शहर २४ लाखांचं होतं, हिशोब तुम्हीच करा. त्याच जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीत देशभरातले बेघर मोजले, आकडा आला १७.७ लाख. त्या रात्री कळमन्यात ट्रक खाली करणारा कोणाच्या वहीत आला असेल, हा माझा जुना प्रश्न आहे.

'पोराकडं होतो'

हे ऐकलं की घाई करू नका. 'चला, घरी सोडतो' हे तर बोलूच नका. जिथून माणूस उठून आला तिथं काहीतरी झालेलं असतं, आणि म्हातारी माणसं पोराविरुद्ध पहिल्या भेटीत एक अक्षर काढत नाहीत. तिसऱ्या भेटीत काढतात. तेव्हा २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा कामाला येतो. उपविभागीय अधिकाऱ्याकडच्या न्यायाधिकरणात साधा अर्ज करता येतो, महिना १०,००० रुपयांपर्यंत निर्वाह मिळू शकतो, आणि आईबापाला टाकून देणं हा त्यात गुन्हा आहे. आधी १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन लावून बघा, नुसता फोन गेल्यानेही काही पोरं हलतात.

बायका उघड्यावर कमी दिसतात याचा अर्थ त्या कमी आहेत असा नाही. घराबाहेर काढलेली बाई फुटपाथवर झोपत नाही, बसस्थानकात बसते. गणेशपेठला रात्री बाकावर ताठ बसलेली, मांडीवर पिशवी, कुठलीही गाडी लागली तरी न उठणारी बाई दिसली तर पुरुषांनी मागे राहावं, आपल्यातल्या मुलीने जावं. एकीच्या हातात मी आदल्या दिवशीचं तिकीट पाहिलं होतं. कोणी हटकलं तर दाखवायला ठेवलेलं. ती दोन रात्री झोपली नव्हती. १८१ ही महिलांची हेल्पलाइन लावा. संकटातल्या बायकांसाठीच्या सरकारी सखी केंद्रात पाच दिवसांपर्यंत राहता येतं. आणि घर नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असलं तरी तिला तिथून असं काढता येत नाही, हे २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याने सांगितलं आहे. हे वाक्य तिला दोनदा सांगा. पहिल्यांदा तिचा विश्वास बसत नाही.

'दवाखान्यातच'

मेडिकल आणि मेयो या सरकारी दवाखान्यांच्या आवारात प्लॅस्टिकची पन्नी अंथरून पडलेले गडचिरोली, चंद्रपूर, छिंदवाड्याचे लोक सरकारी अर्थाने बेघर नाहीत. पण कॅन्सरचं किंवा हाडाचं दुखणं चार महिने चाललं की गावची मजुरी बुडते, बैल विकले जातात, आणि पेशंट बरा होईस्तोवर परत जायला काही उरत नाही. माझ्याकडे एक काकाजी यायचे, प्लॅस्टिकच्या पिशवीत बायकोचा केसपेपर घेऊन. बायको जाऊन सात महिने झाले होते. केसपेपर हातात असला की रात्री आवारातून कोणी हाकलत नाही, एवढंच त्याचं कारण. अशांना सकाळी समाजसेवा अधीक्षकांच्या खोलीपर्यंत सोबत न्या. नुसता पत्ता सांगून लोक जात नाहीत.

'दिवाळी कधी झाली?' म्हणणाऱ्याशी वाद घालू नका, केस कापायच्या मागे लागू नका. मानसिक आजाराने भटकणाऱ्या माणसाला ताब्यात घेऊन २४ तासांत सरकारी दवाखान्यात तपासायला नेणं ही २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने पोलिसांची जबाबदारी आहे. ११२ लावा आणि गाडी येईस्तोवर तिथंच थांबा. चौकीत कोणी कुरकुर केली तर कायद्याचं कलम १०० आहे, एवढंच शांतपणे म्हणा. पुढे आधार काढायला नेलं तर एक गंमत होते: बोटांचे ठसे आधीच कुठं नोंदलेले असतील तर नवा अर्ज नाकारला जातो. निराश होऊ नका, तो नकारच कामाचा. जुना आधार असल्याचं कळलं की घराचा पत्ता लागू शकतो. मानकापूरच्या आधार सेवा केंद्रातून हरवलेली मुलं अशी घरी गेली आहेत.

एकटं मूल दिसलं तर आपण शहाणपणा करायचा नाही. १०९८, मुलांची हेल्पलाइन. बस.

सिग्नलवरची कुटुंबं

फुगे, पेन, गाडी पुसायचे फडके विकणाऱ्यांत पारधी कुटुंबं बरीच. यांनी घर 'गमावलं' असं म्हणणंच चूक आहे. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी ज्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवलं त्यांत हे होते, १९५२ साली शिक्का पुसला, पण गाव, सातबारा, शाळेचा दाखला कोणी दिला नाही. यांना 'गावी परत जा' म्हणण्याला काही अर्थ नाही. इथं लढाई कागदाची आहे. मतदार यादीचा सहा नंबरचा अर्ज भरा. पत्त्याचा पुरावा नसला तरी चालतो, मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने रात्री येऊन हे लोक खरंच इथं झोपतात का ते बघायचं असतं. त्या रात्री कुटुंब जागेवर सापडेल एवढं बघायचं काम आपलं.

बाकी, एकाच कारणाने कोणी रस्त्यावर येत नाही, हे लक्षात असू द्या. १८७७ साली सुरू झालेली एम्प्रेस मिल बंद पडली, त्यातला एक कामगार मला खूप वर्षांनी भेटला. गिरणी गेली त्या दिवशी तो बेघर झाला नव्हता. आधी खोली बदलली, मग दारू वाढली, बायको वारली, भावाने हिस्सा विकला, टीबी झाला, आणि शेवटी भिजून रेशनकार्डाचा लगदा झाला. तो स्वतः मात्र विचारलं की फक्त 'दारू' म्हणायचा. लोकही तेच म्हणतात, कारण दारू दिसते.

वही जवळ ठेवा. आपण काय वाटलं ते त्यात लिहायचं नाही, त्यांनी काय मागितलं ते लिहायचं. मागच्या शनिवारच्या माझ्या पानावर तीन ओळी आहेत. टेकडी गणपतीजवळच्या मावशी: घरी फोन लावून द्या, मी बोलणार नाही, फक्त नातवाचा आवाज ऐकते. यशवंत स्टेडियमजवळचे दादा: नवतप्यात (मे अखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत) दुपारी सावलीत बसू द्यायला चौकीदाराला सांगा. बर्डीचे काकाजी, तेच पाच ब्लँकेटवाले: चष्म्याची काडी. नंबर बरोबर आहे, फक्त काडी.

या शनिवारी कोणाकडे छोटा स्क्रू ड्रायव्हर असेल तर घेऊन या. माझा सापडत नाही.