सरपंच-मेंबर झालात अन् रविवारी मिस्साले, म्हणजे कॅथलिक चर्चच्या उपासनेलेही जाता? मग हे वाचा

निवडून आलं की पह्यले दोन जण घरी येतात. एक म्हणतो, गळ्यातला क्रूस शर्टाच्या आत टाक, उगा चर्चा नको. दुसरा आपल्याच चर्चमधला, तो म्हणतो आता आपला माणूस बसला, कब्रस्तानच्या कंपाउंडचं पाह्य. दोघायचंही ऐकू नका. मी पाच वर्षं मेंबर होतो, आमच्या गावात कॅथलिक घरं मोजून सात, म्हणून सांगून राहिलो. कंपाउंडची खरंच गरज असेल तर मोक्षधामाच्या शेडसोबत एकाच आराखड्यात टाका अन् ग्रामसभेत सगळ्यायसमोर वाचा, गुपचूप नाही.

फॉर्म भरतानाच एक गोष्ट. 1950 च्या आदेशाप्रमाणं अनुसूचित जातीत हिंदू, शीख अन् बौद्धच धरतात, ख्रिश्चन झालं की एससीची सीट जाते (एसटीले हे लागू नाही). हा नियम मले पटत नाही, पण कागदावर एक धर्म अन् वेदीपुढं दुसरा असं करून सीट घेऊ नका, पुढची पाच वर्षं कोणाच्या तरी धाकात जातात.

भूमिपूजनाचं लय टेन्शन घेतात लोक. काही नाही हो. आमच्या सिमेंट रोडच्या वेळी मी नारळ उपसरपंचाच्या हाती दिला अन् कुदळ मी मारली, कोणाले काहीच वाटलं नाही.

खरी परीक्षा घरकुलाच्या यादीत होते. यादी ग्रामसभेत ठेवायच्या आधी स्वतः दारोदार फिरा, ग्रामसेवकाच्या भरवशावर सोडू नका. कुडाच्या भिंती कोणाच्या, टिनावर गोटे ठेवून कोण झोपते, ते पाह्यल्याबिगर कळत नाही. आमच्या यादीत आपल्याच चर्चमधल्या एकाचं नाव होतं, अन् त्याचं स्लॅबचं घर उभं, वर डिश अँटेना, मी ग्रामसभेत उभा राहून म्हटलं हे नाव काढा अन् खाली ती विधवा बाई आहे तिले वर घ्या. नाव निघालं. मग दोन रविवार मिस्सात एकमेकायले शांतीचा नमस्कार करायची वेळ आली की तो गडी खांबाकडं पाहून हात जोडे. तरीबी माझ्या हिशेबानं कॅथलिक मेंबरचं काम ते हेच, क्रूस आत का बाहेर ते मागून पाहू.

दारूच्या दुकानाचा विषय निघाला तर बायबल काढू नका. बाकी गावानं ते कायले ऐकावं? कोणाची मजुरी शनिवारी कुठं जाते ते मांडा, बायायच्या सह्या गोळा करा, आडवी बाटलीचं, म्हणजे दुकान बंद करायचं मतदान मागा. तळमळ तुमच्या धर्मातून आली असंन, पण कारण असं पाह्यजे की मारुतीच्या पारावर बसलेल्या बुढ्यालेही तोलता येईन.

अन् मनाले पटतच नसंन तर? अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाले उभा असलेल्या कॅथलिक केनेडीनं 1960 ला ह्यूस्टनमध्ये प्रोटेस्टंट पाळकायसमोर सांगितलं की पोपच्या हुकमानं कारभार चालवणार नाही, हे सगळ्यायले आठवते. पण मन अन् खुर्चीत खरंच अडलं तर खुर्ची सोडीन, हेही त्यानं तिथंच म्हटलं, ते कोणी सांगत नाही. बेल्जियमचा राजा बोदुआँ तर 1990 ला गर्भपाताच्या कायद्यावर सही करायले नाही म्हणाला, पण त्यानं फाइल दाबून नाही ठेवली, सरकारले तसं लिहून कळवलं, मग मंत्र्यायनं त्याले बाजूले करून सही केली अन् संसदेनं त्याले परत गादीवर बसवलं. आपल्यावर एवढी पाळी येत नाही. पण ठराव पटला नाही तर प्रोसिडिंगमध्ये विरोध लिहून घ्या, घरी जाऊन कुरकुर करू नका. फादरले विचारायले हरकत नाही, फक्त पेन तुमच्याच हाती राहू द्या.

अगदीच नाही जमलं तर राजीनामा. सरपंचाचा पंचायत समितीच्या सभापतीकडं जाते, मेंबरचा सरपंचाकडं. फादरकडं नाही राजेहो, आमच्या इकडं एकानं तिथंच नेऊन दिला होता.